ताजिक मुहंमदाची तर

कोकणच्या उत्तर किनाऱ्यावर मुसलमान आले केव्हा आणि कशासाठी, या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर आपल्याकडे सर्वांच्या तोंडी असते. दिल्लीहून फौजा आल्या, मागून गुजरातचे सुलतान आले, आणि त्यांच्या घोड्यांच्या धुळीबरोबर मुसलमान आले. हे उत्तर देणाऱ्यांत आपलेही लोक असतात. कोणी ते अभिमानाने देतो, कोणी खालमानेने देतो. पण उत्तर एकच असते. घोडा आणि तलवार.

या उत्तराला छेद देणारा एक पुरावा तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला आहे. तो अरबीत नाही, फारसीतही नाही. तो संस्कृतात आहे, आणि तो सापडला तारापूरच्या अगदी शेजारी, खाडीपलीकडच्या चिंचणी गावात. या लेखात एक मुसलमान अधिकारी आहे. त्याच्या नावावर जी कामे नोंदली आहेत त्यांत एक काम असे आहे की त्याने दोन प्रवाहांवर लोकांसाठी विनामूल्य होडी ठेवली. शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६. अल्लाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला १२९६ मध्ये. त्याच्या तीनशे सत्तर वर्षे आधी या किनाऱ्यावर एक मुहंमद लोकांना फुकट पैलतीरी पोहोचवत होता. आपल्या इतिहासाची सुरुवात आपण इथून का करू नये, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

*

हल्ली आपली मुले नोकरी-धंद्यासाठी, फिरण्यासाठी परदेशी जातात. हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅमला गेलेला माणूस तिथल्या कालव्यांतून बोटीने फिरल्यावाचून परतत नाही. काचेच्या छताची सपाट बोट असते, कानाला यंत्र लावले की निवेदक आपल्याला हव्या त्या भाषेत दोन्ही काठांचा इतिहास सांगत जातो. सतराव्या शतकाच्या आरंभी हे कालवे खणले गेले, काठावर व्यापाऱ्यांच्या उंच, अरुंद हवेल्या उभ्या राहिल्या, आणि २०१० मध्ये युनेस्कोने या कालव्यांच्या वेढ्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. हवेल्यांचा पैसा कुठून आला? १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या मसाल्याच्या व्यापारातून. याच कंपनीची वखार सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्यातही होती. आणि काही पैसा गुलामांच्या व्यापारातूनही आला. ही दुसरी गोष्ट कालव्यांच्या कौतुकात पुष्कळ वर्षे मागे राहिली. १ जुलै २०२१ रोजी ॲमस्टरडॅमच्या महापौर फेम्के हाल्सेमा यांनी गुलामगिरीतील शहराच्या वाट्याबद्दल जाहीर माफी मागितली.

सांगायचे ते हे, की पाण्यावरून शहर पाहणे म्हणजे नुसती मौज नसते. बोटीत बसलेल्याला काठावरचे काय दाखवायचे आणि काय गाळायचे, हे कोणीतरी ठरवलेले असते.

आपल्या किनाऱ्याला खणलेले कालवे नाहीत. इथले कालवे समुद्राने खणले आहेत. त्यांना आपण खाड्या म्हणतो. वसईची खाडी, वैतरणेची खाडी, चिंचणी-तारापूरची खाडी, डहाणूची खाडी, आणि आता गुजरातेत गेलेल्या संजाणची वारोळी नदी. दर दहा-पंधरा मैलांवर समुद्र जमिनीत हात घालतो. दिवसातून दोन वेळा भरतीचे पाणी आत चढते, दोन वेळा उतरते. भरतीला जिथे मचवा डौलात उभा असतो तिथे ओहोटीला गुडघाभर चिखल असतो. त्यामुळे इथला प्रवास घड्याळावर कधीच चालला नाही, तो चंद्रावर चालला. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, अष्टमीला भांगाची. तिथीची पाऊणपट करावी, तो भरतीचा तास, हा किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब. अष्टमीच्या आठाची पाऊणपट सहा, म्हणून त्या दिवशी सहाच्या सुमारास भरती. आपल्या हिजरी महिन्याची तारीख ज्याला ठाऊक आहे त्यालाही हाच हिशेब लागू पडतो. चाँदरात आणि चौदावीच्या आसपास उधाण, सातवी-आठवी आणि एकविसावी-बाविसावीला भांग. मशिदीतला मोअज्जिन आणि होडीवरचा तांडेल एकाच चंद्राकडे पाहत आले आहेत.

*

आता ताम्रपटाकडे वळू. चिंचणीला विसाव्या शतकाच्या मध्याला ताम्रपटांचा एक साठा मिळाला. पुराभिलेखविद्येतील मोठे पंडित दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’च्या बत्तिसाव्या खंडात प्रसिद्ध केले. त्यांतला सर्वांत जुना लेख राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८ चा आहे. राष्ट्रकूट म्हणजे वेरूळचे कैलास लेणे घडवणारे घराणे. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातले मालखेड. त्यांच्या राज्याच्या पश्चिम टोकाला समुद्रकाठी ‘संयान मंडल’ होते. संयान म्हणजे संजाण.

या संयान मंडलाचा कारभार ज्याच्याकडे होता त्याचे नाव लेखात ‘मधुमति’ असे दिले आहे. त्याच्या बापाचे नाव ‘सहियारहार’, आणि कूळ ‘ताजिक’. संस्कृत लेखांत ताजिक हा शब्द अरबांसाठी येतो. सरकारांनी दाखवून दिले की मधुमति म्हणजे मुहंमद आणि सहियारहार म्हणजे शहरियार. लेख कोरणाऱ्याच्या संस्कृत कानाला ‘मुहंमद’ हे नाव ‘मधुमति’सारखे ऐकू आले, म्हणजे गोड बुद्धीचा. शहरियार हे नाव मात्र अरबी नाही, ते इराणी आहे. म्हणजे बापाचे नाव इराणचे, मुलाचे नाव पैगंबरांचे, आणि नोकरी कन्नड-मराठी मुलखाच्या हिंदू सम्राटाची. त्याला ‘सुगतिप’ असे दुसरे नावही होते. इंद्राच्या आधीच्या कृष्णराजाने, म्हणजे दुसऱ्या कृष्णाने, त्याला हे मंडल दिले होते, असे लेख सांगतो.

या मुहंमदाने काय केले? लेखात चार गोष्टी आहेत. आसपासच्या बंदरांचे प्रमुख त्याने जिंकले आणि तिथे आपली माणसे बसवली. दोन प्रवाहांवर विनामूल्य होडीची सोय केली. संयानला एक अन्नछत्र उघडले, जिथे साळीचा भात, कालवण आणि तूप फुकट मिळत असे. आणि चौथी गोष्ट, जिच्यासाठी हा ताम्रपट मुळात कोरला गेला : अन्नैय नावाच्या एका भारद्वाज गोत्री ब्राह्मणाने संयानात देवीची मठिका बांधली होती. मुहंमदाचा मंत्री पुव्वैय हा त्याचा स्नेही. त्या मठिकेच्या दुरुस्तीसाठी, देवीच्या नैवेद्यासाठी आणि तिथल्या नऊ जणांच्या भोजनासाठी मुहंमदाने सम्राट इंद्राची परवानगी घेऊन कोलिमहार विषयातले काणाडुक हे गाव आणि आणखी थोडी जमीन दान दिली.

इथे काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे मला दिसते. मुसलमानाने देवीला गाव द्यावे? दुसऱ्या बाजूला तितकीच खोल आठी असेल : आमच्या देवीच्या मठाला मुसलमानाचे दान? दोन्ही आठ्या आजच्या आहेत. ताम्रपटात तशी आठी कोठेच नाही. ज्याच्याकडे मुलखाचा कारभार त्याने रयतेच्या धर्मस्थळांची सोय पाहायची, ही त्या काळची कारभाराची रीत होती. मुहंमदाने ती पाळली. त्याने आपला दीन सोडला असे लेख म्हणत नाही. उलट तो ताजिक आहे हे लेख त्याच्या बापाच्या नावासकट सांगतो. ओळख लपवून मिळवलेले ते पद नव्हते.

त्याला पीर-अवलिया ठरवण्याचेही कारण नाही. शेजारची बंदरे त्याने गोडीगुलाबीने घेतली नव्हती. विनामूल्य होडीने खाडीपलीकडचा शेतकरी, व्यापारी, यात्रेकरू संजाणच्या बाजारपेठेत येतो, आणि बाजार वाढला की जकात वाढते, हा हिशेब त्याला कळत असणारच. दान दिलेल्या काणाडुक गावात राबणारे हात कोणाचे, त्या दोन होड्यांची वल्ही कोण मारत होते, त्यांची नावे तांब्यावर आली नाहीत. किनाऱ्यावरच्या दर्यावर्दींची नावे कोणत्याच राजवटीने तांब्यावर घातली नाहीत. पण एवढे वजा करूनही जे उरते ते थोडे नाही.

ते का थोडे नाही, हे समजायला त्या काळी खाडी ओलांडायला काय पडत असे ते पाहावे. नदी-खाडी ओलांडण्याच्या सोयीला मराठीत ‘तर’ म्हणतात. शब्द जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तरीच्या शुल्काचे दरपत्रकच आहे : गाडीला एक पण, ओझेवाल्या माणसाला अर्धा, जनावराला आणि स्त्रीला पाव, रिकाम्या माणसाला त्याच्याही निम्मे. गरोदर स्त्रिया, संन्यासी, ब्राह्मण यांना माफी. कौटिल्याने तर तरींवर आणि बंदरांवर नजर ठेवायला नावाध्यक्ष नावाचा खास अधिकारी सांगितला आहे. म्हणजे तर हे राज्याचे उत्पन्न होते. पुढे इंग्रजी अमलातही तरींचे मक्ते दिले जात. अशा जगात एक अधिकारी हे उत्पन्न सोडतो, आणि ती माफी काही वर्गांपुरती न ठेवता होडीच फुकट करतो. वाटेतला काटा बाजूला करणे हादेखील सदका आहे, असे आपण लहानपणापासून ऐकतो. वाटेत काटा नसून अख्खी खाडीच आडवी असेल तर? मुहंमदाची होडी हा सदका-ए-जारियाच होता, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही. लेखाने त्याला पुण्यकर्म म्हणून नोंदले. दोन शब्द, एकच काम.

*

हा मुहंमद एकटा, अपवाद म्हणून येऊन गेला असे समजू नये. त्याच्या मागेपुढे बरेच काही उभे आहे.

‘ताजिक’ हा शब्द याच किनाऱ्याच्या इतिहासात आधी एकदा येतो, आणि तेव्हा तो शत्रूचे नाव म्हणून येतो. सिंधमधून निघालेल्या अरब फौजेचा नवसारीजवळ चालुक्य घराण्यातल्या अवनिजनाश्रय पुलकेशीने पराभव केला, त्याचे वर्णन सुमारे ७३९ च्या नवसारीच्या ताम्रपटात आहे. तिथे ताजिक म्हणजे चालून आलेली फौज. त्यानंतर १८७ वर्षांनी, नवसारीपासून फार दूर नसलेल्या संजाणात ताजिक म्हणजे मुलखाचा कारभारी, होडी चालवणारा, भात-तूप वाढणारा. फौज हरली आणि परत गेली. व्यापारी, खलाशी राहिले. तलवारीला जे जमले नाही ते गलबताने केले, असे म्हटले तर ते या दोन ताम्रपटांच्या आधारानेच म्हणता येते.

अरब लेखक राष्ट्रकूट राजाला ‘बल्हरा’ म्हणतात. त्यांच्या ‘वल्लभराज’ या बिरुदाचा हा अरबी उच्चार. अल्‌-मसूदी हा बगदादचा प्रवासी हिजरी ३०४, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले. त्यांत ‘बयासिरा’ नावाचे लोक होते. मुसलमान आईबापांच्या पोटी हिंदुस्थानात जन्मलेले, असा त्याचा अर्थ तो देतो. म्हणजे ९१६ मध्येच इथे जन्मलेल्या, इथली माती लागलेल्या मुसलमानांची पिढी होती आणि तिला वेगळे नाव पडलेले होते. मुसलमानांच्या प्रमुखाला ‘हुनरमन’ म्हणत. राजा त्याची नेमणूक करी आणि मुसलमानांचे तंटे तो आपल्या शरियतीप्रमाणे सोडवी. मसूदीच्या पाठोपाठ लिहिणाऱ्या अल्‌-इस्तख्रीनेही बल्हराच्या शहरांत जामा मशिदी असल्याचे आणि तिथल्या मुसलमानांवर मुसलमानच अधिकारी नेमला जात असल्याचे लिहिले आहे. मसूदी चौलला होता तेव्हा आणि संजाणचा मुहंमद होडी ठेवत होता तेव्हा, यांत फार तर दहा वर्षांचे अंतर.

बलाजुरी या आणखी जुन्या इतिहासकाराने ‘सिंदान’ नावाच्या बंदराची हकीकत दिली आहे. फजल बिन माहान याने ते घेतले, खलीफा मामूनकडे एक हत्ती पाठवला, तिथे जामा मशीद बांधली. पुढे त्याच्या मुलांत भांडण लागले आणि हिंदूंनी सिंदान परत जिंकले. पण मशिदीला त्यांनी हात लावला नाही. मुसलमान तिथे नमाज पढत राहिले, असे बलाजुरी लिहितो. हे सिंदान म्हणजे संजाण की कच्छातले दुसरे बंदर, यावर विद्वानांत दोन मते आहेत. बंदर कोणतेही असो, जिंकणाऱ्याने हरलेल्याची मशीद राखली ही नोंद एका मुसलमान इतिहासकाराने केली आहे, आणि ती आज मोठ्याने वाचण्यासारखी आहे.

चिंचणीच्याच साठ्यातला आणखी एक ताम्रपट शके ९५६, म्हणजे इ.स. १०३४ चा आहे. तोवर राष्ट्रकूट गेले होते, शिलाहारांचा मांडलिक चामुंडराज संयानात कारभार पाहत होता. देवीच्या दिव्याला आणि आल्यागेल्या विद्वानांच्या पायांना लावायला तेल मिळावे म्हणून त्याने तेलाचा एक घाणा दान दिला. हे दान त्याने ज्यांना कळवले त्यांत गावातले प्रमुख नागरिक आहेत, आणि त्यांत नावे येतात : अल्लिय, महर, मधुमत. अल्लिय हा अली, आणि मधुमत हा पुन्हा एक मुहंमद. पहिल्या मुहंमदानंतर एकशे आठ वर्षांनी तोच समाज त्याच गावात प्रतिष्ठेने नांदत होता. देवीच्या दिव्याच्या तेलाची वर्दी अलीला द्यावी लागे, कारण अली त्या गावचा होता.

संजाणला २००२ ते २००४ या वर्षांत झालेल्या उत्खननात पश्चिम आशियातली झिलईची खापरे, काच आणि पारशांचा जुना दोखमा मिळाला. इराणहून आलेले पारशी आणि अरब-इराणी मुसलमान ज्या बंदरात एकत्र राहत होते, ते तांब्यावर आहे आणि मातीतही आहे.

आणि ते आपल्या जिभेवरही आहे. दर्यावरची मराठी कान देऊन ऐकावी. बंदर फारसी, सुकाणू अरबी, खलाशी अरबी, तुफान अरबी, मोसम अरबी. सारंग हा फारसी सरहंग. नाखवा म्हणजे फारसी नाखुदा, नावेचा धनी. आज नाखवा हे आडनाव कोळ्यांतही आहे आणि कोकणी मुसलमानांतही आहे. त्यासाठी कोणी धर्म बदलला नव्हता; दोघे एका गलबतावर होते, एवढेच.

*

मग ही फुकट होडी बुडाली कुठे? सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि पाण्याला कुंपण पडले. समुद्रावर चालायचे तर त्यांचा परवाना, ‘कार्ताझ’, घ्यावा लागे. परवाना नसलेले गलबत लुटले जाई. वास्को द गामाने १५०२ मध्ये हाजींनी भरलेले जहाज जाळले. १६१३ मध्ये सुरतेजवळ जहांगीर बादशहाच्या आईचे ‘रहीमी’ हे जहाज पोर्तुगिजांनी पकडून नेले. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने डिसेंबर १५३४ च्या तहात वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगिजांना दिला. मग केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी खाड्यांच्या आणि बंदरांच्या तोंडांशी किल्ल्यांची रांग उभी राहिली. खाडीच्या तोंडावरचा किल्ला हे होडीच्या नेमके उलट काम करतो. होडी दोन काठ जोडते, किल्ला कोणाला सोडायचे आणि कोणाला अडवायचे ते ठरवतो.

जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला सुरुंग लावून, भिंती चढून घेतला. त्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर हा पेशव्यांचा जवळचा सरदार पडला. मे महिन्यात वसई पडली आणि उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता संपली. पेशवाईच्या अखेरीस तारापूरचा हाच किल्ला विकाजी मेहेरजी या पारशी गृहस्थाकडे इनाम म्हणून आला. पुढे विकाजी आणि पेस्तनजी या मेहेरजी बंधूंनी निजामाच्या हैदराबादेत मोठी पेढी चालवली, वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणला, आणि पेस्तनजींच्या नावाचा ‘पेस्तनशाही’ रुपया चालला. संजाणला उतरलेल्या पारशांचे वंशज तारापूरच्या किल्ल्याचे धनी झाले, हे या किनाऱ्याच्या स्वभावाला धरूनच झाले.

या स्वभावाचा आणखी एक दाखला मुंबईजवळ आहे. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी लोक होडीने ओलांडत. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसे बुडत. सरकारला पूल परवडेना. तेव्हा सर जमशेटजी जिजीभाई यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी एक लाख सत्तावन हजार रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा बांध-रस्ता झाला. त्यांची एक अट होती : या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही. ज्या माहीमच्या खाडीकाठी मखदूम अली माहिमींचा दर्गा आहे तिथलाच हा रस्ता. संजाणच्या मुहंमदाचे नाव आवाबाईंच्या कानावर जाणे शक्य नव्हते. त्याचा ताम्रपट तेव्हा मातीत होता. तरी नऊशे वर्षांच्या अंतराने दोघांना एकच गोष्ट सुचली : पलीकडे जाण्याचे पैसे माणसाकडून घेऊ नयेत.

१८६४ मध्ये मुंबई आणि गुजरात लोहमार्गाने जोडले गेले. गाडी किनारा सोडून आतल्या अंगाने, बोईसर-पालघरवरून गेली. बंदरांचा माल गाडीवर गेला. खाड्यांतले मचवे, पडाव, फत्तेमाऱ्या हळूहळू कमी झाल्या. ज्या किनाऱ्याला देश समुद्रातून पाहत होता त्याच्याकडे तो आता पाठमोरा बसला.

*

आज तारापूर म्हटले की लोकांना अणुवीज आठवते. देशातले पहिले अणुवीज केंद्र इथे १९६९ मध्ये सुरू झाले. तिसऱ्या आणि चौथ्या संचासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. बोईसरची औद्योगिक वसाहत आली, तिचे सांडपाणी खाडीत आणि समुद्रात आले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर जबाबदारी टाकली. चिंचणीच्या उत्तरेला वाढवणचे बंदर व्हायचे आहे. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या डहाणू पर्यावरण प्राधिकरणाने १९९८ मध्ये त्याला नकार दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने परवानगी दिली, जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध आहे, रोजगाराची आशाही आहे. आसपासच्या बंदरांवर आपली माणसे बसवणाऱ्या मुहंमदाच्या काळी जो प्रश्न होता तोच आज आहे : बंदर मोठे होताना काठावरच्या माणसाला होडीत जागा मिळणार की नाही?

जलवाहतुकीचे दिवस मात्र थोडे फिरत आहेत. २०१६ च्या कायद्याने देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले, त्यांत कल्याण-ठाणे-मुंबई आणि वसईची खाडी आहे. वसई-भाईंदर दरम्यान २०२४ पासून गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली. उद्या या खाड्यांतून सहलीच्या बोटी फिरतील, कानाला लावायची यंत्रेही येतील. तेव्हा निवेदक काय सांगेल? पोर्तुगिजांचा किल्ला सांगेल, चिमाजी आप्पांची मोहीम सांगेल, ते सांगायलाच हवे. अणुवीज केंद्राचा घुमट दाखवील. पण खाडीत शिरताना तो असेही म्हणेल का, की अकराशे वर्षांपूर्वी या मुलखात शहरियारचा मुलगा मुहंमद कारभारी होता, त्याने दोन प्रवाहांवर फुकट होडी ठेवली होती, आणि त्याची हकीकत सांगणारा ताम्रपट याच काठावर मिळाला?

तो म्हणणार नाही, जोवर आपण म्हणत नाही. आपल्या जमातींच्या इतिहासात, मदरशांच्या आणि शाळांच्या वार्षिकांत, उरुसाच्या स्मरणिकांत आपण अरबस्तानापासून सुरुवात करतो, मग थेट विजापूर-अहमदनगरच्या सुलतानांवर येतो. मधली कित्येक शतके रिकामी ठेवतो आणि मग त्या रिकाम्या जागेत दुसरा कोणी काय भरतो याची तक्रार करतो. त्या जागेत भरण्यासारखे आपल्याकडे आहे. ते वाचायला संस्कृत जाणणारा पंडित लागला, ही लाज वाटण्याची गोष्ट नाही. आपली पहिली सनद शेजाऱ्याच्या भाषेत, शेजाऱ्याच्या देवीच्या मठासाठी, शेजाऱ्याच्या राजाच्या परवानगीने लिहिली गेली, यासारखा शेजाराचा पुरावा दुसरा कोणता?

परक्याच्या गावात कोणी फुकट होडी ठेवत नाही. उतरून निघून जायचे असेल तर माणूस आपल्यापुरते भाडे देतो आणि पार होतो. रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय तोच पाहतो, ज्याला त्या काठावर राहायचे असते.